गोटीच्या अंगावरचे चौदा

३ मार्च, मंगळवार

ही वही ताईला साबणवाल्या कंपनीनं दिली होती, गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत म्हणून तिनं कोरीच ठेवली. मी छापलेले वार खोडून आपले लिहितेय. माझं वारांशी तसंही कधी जमलं नाही.

दोन दिवसांसाठी आले होते. आज सहावा. ताईची मुलगी गोटी, वय साडेचार, हिला पाळणाघरातून परत पाठवलंय. पोटावर, काखेजवळ आणि एका मांडीच्या आत बारीक फोड आलेत. मोत्यासारखे चकचकीत, प्रत्येकाच्या मधोमध टाचणीनं दाबल्यासारखा खळगा. शिवाय उजव्या अंगठ्यावर एक खरखरीत चामखीळ, ती वेगळीच. दुखत काही नाही, मधूनच खाजतं. पाळणाघरवाल्या काकूंचं एकच म्हणणं, "अंग स्वच्छ झालं की आणा. बाकीच्यांच्या आया माझ्या डोक्यावर बसल्यात."

ताई धुलाईघरात सात ते चार. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. रजा सगळ्या संपल्या. मुकादम म्हणालाय, आता एक खाडा झाला तरी इस्त्रीच्या यंत्रावर दुसरी उभी करीन. भाऊजी पुलाच्या कामावर, तीन महिन्यांतून एकदा येतात. राहिलं कोण? मी. दोन कॉलेजं अर्धवट, तीन नोकऱ्या अर्धवट. ताई म्हणते, "भिंगरे, तू एकच गोष्ट पूर्ण करतेस, ताटातलं."

मला वीस एप्रिलला जायचंय. लांबी, माझी मैत्रीण, मधमाश्यांच्या पेट्यांच्या गाडीवर काम करते. जिकडे फुलोरा तिकडे गाडी. पेट्या उतरवायच्या, फुलं संपली की उचलायच्या, पुढचं गाव. जगात असं काम आहे हे शाळेत कुणी सांगितलं नाही, नाहीतर लक्ष दिलं असतं. वीसला ते डोंगराकडे निघणार आणि एक जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. म्हणजे दीड महिन्यात गोटी पाळणाघरात गेली पाहिजे. दीड महिना म्हणजे पुष्कळ झाला. फोडच तर आहेत.

४ मार्च, बुधवार

आज मोजले. प्रत्येकाभोवती बॉलपेननं गोल काढला, म्हणजे एकच दोनदा मोजायला नको. चौदा. गोटीला गुदगुल्या होत होत्या, हसून हसून पलंगावरून खाली आली.

"हे गेले की काय होणार?"

"हे गेले की तू पाळणाघरात आणि मी माझ्या गाडीवर. शून्य झाले की माऊ भुर्र." मावशीचं तिनं माऊ केलंय.

"शून्य म्हणजे किती?"

"शून्य म्हणजे काहीच नाही."

ती फ्रॉक वर धरून बराच वेळ पोटाकडे बघत बसली. पोरीला अंकांची आवड दिसते. कुणावर गेलीय कोण जाणे, आमच्या घरात तर गणितात कुणीच कधी सुटलं नाही.

७ मार्च, शनिवार

आंघोळीची पद्धत बसली. कडकडीत पाणी, साबण, मग टॉवेलनं खसखसून पुसायचं. आधी फोड, चांगले जोर लावून, मग पाठ, पाय, शेवटी तोंड. सुकले की गळतील असा माझा हिशोब.

या घरात टॉवेल एकच. हॉटेलानं बाद केलेला, एका कडेनं उसवलेला, सतरंजीएवढा. त्यालाच तिघी. मी ताईला म्हटलं, अगं धुलाईघरातली तू, आणि घरात एक टॉवेल? तर म्हणाली, "रोज दोन हजार टॉवेल जातात माझ्या हाताखालून. घरी आल्यावर आणखी एक वाळत घातलेला दिसला तर मी त्याचाच गळफास लावून घेईन." मग पाय वर करून आडवी झाली. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली असतात, सुरकुतलेली, जणू कायम पाण्यातच आहेत. चहा ठेवेपर्यंत झोपली होती. तो मीच प्यायले, तिचाही.

१२ मार्च, गुरुवार

एकोणीस.

पाच नवे. तीन पाठीवर, एक गुडघ्यामागे आणि एक हनुवटीखाली, म्हणजे आता झाकायचीही सोय नाही. एवढं घासतेय तरी. मला तर हे फोड हट्टी वाटतात, गोटीच्या आईसारखे. उद्यापासून दोनदा आंघोळ.

गोटीला सांगितलं एकोणीस झाले. म्हणाली, "चौदापेक्षा जास्त?" म्हटलं हो. "छान," म्हणाली आणि खेळायला गेली. मोठा आकडा म्हणजे बक्षीस असं वाटतं या वयात.

१९ मार्च, गुरुवार

बावीस. लांबीचा फोन होता. "येतेस ना नक्की? नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देतील." म्हटलं, येते म्हणजे येतेच.

ताईला आज मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं, "मुलीचं काय ते एकदाचं मिटलं का?" ती म्हणाली, मिटतंय. घरी येऊन मला विचारलं, "मिटतंय ना गं?" मी मान हलवली.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले. वाटेत एक माणूस खुर्ची विणत होता, वेताची, ते बघत उभी राहिले. पट्टी एकाखालून एकावरून, आणि शेवटी टोक कुठे जातं ते दिसतच नाही. अर्धा तास तरी गेला. दुकानात म्हटलं, चामखिळीचं औषध द्या. दुकानदार म्हणाला, कुठे आहे? मी अंगठा पुढे केला. खोटं काहीच नव्हतं, अंगठ्यावर आहेच, फक्त गोटीच्या. त्यानं बाटली दिली, झाकणाला छोटा ब्रश. म्हणाला, फक्त चामखिळीवरच, आजूबाजूला लागू द्यायचं नाही, लहान मूल असेल तर विचारूनच. आणखीही काही सांगत होता. मी ऐकत होते, पण बाजूला बाळांचा वजनकाटा ठेवलेला, त्यावर मी हात दाबून माझ्या हाताचं वजन बघत होते. दोन किलो भरला.

२० मार्च, शुक्रवार

सगळ्या बावीसना लावलं. सारखाच तर प्रकार. अंगावर आलेलं, नको असलेलं. मग एकच औषध का नाही चालणार? गोटी आधी म्हणाली गार गार, मग म्हणाली चावतंय. मी फुंकर घातली. "चावतंय म्हणजे काम करतंय," म्हटलं. रडली, पण थोडीच. पेंगत होती म्हणून झोपवली.

२१ मार्च, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहितेय.

सकाळी फ्रॉक कातडीला चिकटला होता. ताईनं कोमट पाणी लावून लावून सोडवला. खाली पांढरे डाग, त्यांच्या कडा लाल, काखेजवळ तर साल निघालेली. गोटी ओरडत नव्हती, नुसती ताईचा कान धरून बसली होती. ताईनं बाटली हातात घेतली, मागचं वाचलं. सावकाश वाचलं.

"हे पोटावर लावलंस?"

"फोडांवर."

"बारीक अक्षरात लिहिलंय गं इथे. तुला वाचता येतं ना? दोन कॉलेजांपर्यंत तर जाऊन आलीस." मग आवाज न चढवता म्हणाली, "मी तुझ्या भरवशावर पोर टाकून जाते. दुसऱ्यांच्या चादरींना डाग पडला तर माझा जीव वरखाली होतो, आणि इथे..." चपला घातल्या. कामावर गेली. जाताना दार नीट लावलं, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिवसभर गोटीला उघडी ठेवली. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग मोजले. निळी आली की ती टाळी वाजवायची आणि हात वर गेला की कळवळायची, तरी पुढच्या निळीला परत वाजवायची.

२६ मार्च, गुरुवार

सरकारी दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात. आमचा नंबर एकेचाळीस. बाकांवर सगळे एकमेकांच्या हातापायांकडे चोरून बघत होते आणि आपण काय आणलंय ते झाकत होते.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, आवाज बसलेला, चष्मा दोरीला. गोटीला टेबलावर उभी केली, भिंग धरलं. आधी मला वाटलं चिडल्याच नाहीत.

"हे जळलेलं कशानं?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, चष्मा काढला, डोळे चोळले. "बाई गं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठ्यावरची चामखीळ आहे, तिला हे औषध चालतं, कोमट पाण्यात अंगठा बुडवून मग, फक्त तिच्यावर. आणि पोटावरचे हे पाण्याचे फोड. विषाणूचे असतात. या वयात शेकडो मुलांना येतात. काही केलं नाही तरी जातात."

"कधी?"

"कुणाचे सहा महिन्यांत, कुणाचे वर्ष-दीड वर्षात."

वर्ष. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी सायकलची हवा सोडून पळत होतं.

"टॉवेल वेगळा आहे ना हिचा?" त्यांनी विचारलं. मी एक बोट वर केलं. "फोडांवर घासून तेच दुसरीकडे फिरवलं की पेरणी होते. तोंडाला, पाठीला." माझ्याकडे न बघता लिहीत होत्या.

मग पाळणाघराचं विचारलं. आणि इथे त्या पहिल्यांदा चिडल्या. "पाळणाघर कशाला बंद केलं? कपड्यानं झाकायचे, उघडा असेल त्याला पट्टी लावायची, पाठवायचं. तुम्ही काहीच केलं नसतं आणि पहिल्या आठवड्यात आला असता, तर तेव्हाच चिठ्ठी दिली असती. आता मात्र आधी ही जखम भरू दे. उघड्या जखमेनं मी चिठ्ठी देणार नाही. तीन आठवड्यांनी या."

तीन आठवडे म्हणजे सोळा एप्रिल. वीसच्या आत बसतंय. बाहेर येऊन बोटांवर दोनदा मोजलं, आणि मग लाज वाटली की मी हे मोजतेय.

२ एप्रिल, गुरुवार

ताईनं चार टॉवेल आणले, धुलाईघरातलेच, बाद झालेले. गोटीचा पिवळा. टॉवेलचं सांगितलं तेव्हा ती खूप हसली, हसता हसता भिंतीला टेकली. "रोज दोन हजार," एवढंच म्हणाली. दोन्ही वेळी तेच, पण मागच्या वेळी विनोद होता.

आम्ही आता बोलतो. म्हणजे मीठ कुठे आहे, पाणी आलं का, एवढं. मुकादमाला तिनं सोळा तारखेनंतर नक्की म्हणून सांगितलंय. मी घासायचं बंद केलं. हलकं टिपते. जखमा भरतायत, खपल्या धरल्यात. मुकाट्यानं बऱ्या होणाऱ्या गोष्टी बघायला मला कधी जमलं नाही, उठून कुठेतरी जावंसं वाटतं. गोटीला कडेवर घेऊन जिना चढते-उतरते. चाळीस पायऱ्या. तिला हातावर बसायला आवडतं, पाय माझ्या कमरेभोवती, पोट माझ्या कोपराला.

९ एप्रिल, गुरुवार

काही कळत नाही. तीन खपल्या निघाल्यात, पुन्हा ओलं. झोपेत खाजवते म्हणावं तर हातमोजे घातले होते. सकाळी हातमोजे उशीखाली, नीट एकावर एक घडी घालून.

"कशाला काढलेस?"

"गरम झालं."

नखं पार बारीक कापली. वर आज आणखी एक गंमत. अंगावर गोल वाढलेत. मी बावीस काढले होते, तेही धुतले गेलेले, आणि आज मोजले तर एकतीस. काही गोलांत काहीच नाही, नुसती कातडी. बॉलपेन तिच्या खेळण्यांत सापडला. गोल मात्र सुबक काढलेत, माझ्यापेक्षा चांगले. चित्रकलेचा हात आहे. ताईला दाखवलं तर ती गोटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि पेन स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मला वाटतं, अजून राग गेला नाहीये.

लांबीला कळवलं, नक्की येते. तिनं विचारलं, मधमाश्यांची भीती नाही ना? म्हटलं, मी आता कशालाच भीत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

नंबर सत्तावीस. गोटीनं पिवळा टॉवेल स्वतः घडी करून पिशवीत घातला होता, दवाखान्यात आंघोळ घालतात की काय वाटलं असेल तिला.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. जखमा भरत आल्यात म्हणाल्या, दोनच ओल्या. काखेजवळचे चार-पाच फोड लालबुंद सुजले होते, मी घाबरून तेच दाखवले. तर म्हणाल्या, "हे चांगलं लक्षण. अंगाला आता कळलंय की पाहुणे आलेत, घालवायला उठलंय." मग भिंग पोटावरच थांबलं.

"आणि हे काय? इथे तर काहीच नाही." पेनाचे गोल. पेन ताईच्या पर्समध्ये असताना दुसरा कुठून मिळाला कोण जाणे.

"अजून यायचे आहेत ते," गोटी म्हणाली.

"असं? कोण म्हणालं?"

"मी जागा धरून ठेवलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. भिंग खाली ठेवलं आणि तिच्यासमोर वाकल्या. "सगळे गेले तर काय होईल गं?"

गोटीनं माझ्याकडे बोट केलं. "माऊ भुर्र."

खोलीत पंखा फार आवाज करत होता. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली, सही केली, शिक्का मारला. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "औषध काही नाही. पण हिला काय सांगितलंय ते तुम्ही निस्तरा. ते माझ्याकडे नाही."

परत येताना मी बसमध्ये वही काढली होती, लिहिता आलं नाही. आता लिहितेय. हातमोज्यांची घडी. ओल्या खपल्या. मी म्हणत होते चित्रकलेचा हात आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

निस्तरलं. की आणखी बिघडवलं, माहीत नाही.

गोटीला जिन्यावर बसवलं, खालून तिसऱ्या पायरीवर, तिथे कुणी येत-जात नाही दुपारचं. म्हटलं, "ऐक. मी सोमवारी जाणार आहे."

"अजून शून्य नाही झाले."

"शून्य झाले तरी जाणार, शंभर झाले तरी जाणार. मी चुकीचं सांगितलं होतं. फोडांचा आणि माझा काही संबंध नाही."

तिनं जरा विचार केला. "मग कशामुळे जातेस?"

गाडी, पेट्या, फुलं, सगळं सांगून बघितलं. सांगता सांगता ते मलाच फार काही वाटेना. शेवटी म्हटलं, "मला एका जागी राहता येत नाही."

"पण राहिलीस की."

मग तिनं मला मारलं. मुठीनं, दंडावर, चार-पाचदा. मी मारू दिलं. मग वर पळाली आणि दार आतून लावून घेतलं, कडी तिच्या हाताला पुरते हे मला आजच कळलं. ताई येईपर्यंत मी बाहेर बसून होते. ताईनं मला बघितलं, काय झालं ते विचारलं, मी सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी बसली, चपला काढल्या.

"मला त्या पेनाच्या दिवशीच कळलं होतं," म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही वाटत होतं ना, तू आणखी थोडं राहावंस."

आम्ही दोघी तिथेच बसलो. आतून पलंगावर उड्या मारल्याचा आवाज येत होता.

२० एप्रिल, सोमवार

तीन दिवसांत एकही खपली निघाली नाही.

सकाळी पाळणाघर. हनुवटीखालच्याला पट्टी, बाकीचं बंद गळ्याच्या फ्रॉकमध्ये. ताई खाडा नको म्हणून सातलाच गेलेली. काकूंनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"म्हणजे आधीही चाललं असतं की काय?"

"हो."

"मग एवढे दिवस?" असं म्हणाल्या आणि गोटीची पट्टी स्वतःच नीट दाबली. दारात दोन आया होत्या, एकीनं आपलं मूल जवळ ओढलं. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे, ज्याला वाचायची त्यानं यावं." कुणी आलं नाही. गोटीच्या खुंटीवर तिचं चित्र अजून होतं, ससा. तिनं पिशवी अडकवली. मला वाटलं वळेल. आत कुणाकडे तरी लाल ट्रक होता, ती त्याच्या मागे गेली.

दुपारी धुलाईघरावरून गेले, ताईला हात करायला. काचेआड वाफ, सगळ्याजणी सारख्याच टोप्यांत. यंत्रावर कोण होती ते ओळखता आलं नाही, पण जागा रिकामी नव्हती. मी हात केला. तिघींनी उलटा केला.

३ मे, रविवार

डोंगराच्या अलीकडे आहोत. झाडं पांढरी झालीत, नाव विचारलं होतं, विसरले. मला दोन डंख झाले, एक कानावर. लांबी म्हणते, आता तू आमची.

ताईचा फोन लागला, टेकडीवर चढल्यावर लागतो. नवीन एकही फोड नाही. काखेतले पाच गेले, डागही नाही. अंगठ्यावरच्या चामखिळीला रोज कोमट पाणी आणि त्याच बाटलीतला एक थेंब, ताई स्वतः लावते, चष्मा घालून. मुकादम गप्प आहे. मी विचारलं, माझी आठवण काढते का?

"पहिले चार दिवस काढली. आता रमली गं. त्या ट्रकवाल्याशी गट्टी झालीय."

"बरं झालं," म्हटलं. झालंच बरं. याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"काल एक विचारत होती मात्र," ताई म्हणाली. "मावशीला फोड आले का? म्हटलं, का गं? तर म्हणते, तिला आले की तिला पण घरी ठेवायला लागेल ना. आपल्या घरी." ताई हसत होती. "काय सांगू?"

"सांग, नाही आले."

फोन ठेवला. तीन आहेत. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे तिचं पोट टेकायचं. गेल्या आठवड्यापासून.

उद्या पहाटे पेट्या उचलायच्या आहेत. या कामाला सगळेच पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात, मनगटाशी दोरी बांधून. कुणाला दिसायचे नाहीत.